‘का’ आणि ‘कशासाठी’ : नॉर्वेजियन शिकता शिकता

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय लागल्यापासून आम्हाला रोज एकच प्रश्न ऐकू येतो आहे. बाजारात, बस-स्टँडवर, आरतीला, सगळीकडे एकच : “नॉर्वेजियन? ती कशाला?” मंडळी, आजचं आमचं सगळं बोलणं ह्या एका ‘कशाला’विषयीच आहे. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या सर्वांचे आधीच आभार.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या धामनोदच्या मराठी घरांतली मुलं पूर्वी इंदूरला शिकायला जात. मग पुणं आलं, बंगळूर आलं, आणि आता काही मुलं युरोपात पोचली आहेत. मंडळातल्या दोन घरांची मुलं नोकरीनिमित्त नॉर्वेत आहेत. त्यांना तिथे मुलं झाली, ती मुलं तिथल्या बालवाडीत जाऊ लागली. म्हणून आम्ही चार-पाच जणांनी, कोणी सरकारी नोकरीत, कोणी दुकानात, कोणी निवृत्त, रविवारी सकाळी तासभर एकत्र बसून ती भाषा शिकायला सुरुवात केली. मोबाइलवर ड्युओलिंगो आहे. ट्रोनहाइमच्या विद्यापीठाचा एक मोफत अभ्यासक्रम आहे. वही-पेन आपलं. आम्ही भाषापंडित नाही, आणि अजून पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच आहोत. पण त्या पायरीवर जे सापडलं ते सांगण्यासारखं वाटलं.

नॉर्वे केवढा? लोकसंख्या सुमारे 55 लाख. 2011 च्या जनगणनेत आपल्या धार जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ 22 लाख होती आणि इंदूर जिल्ह्याची जवळजवळ 33 लाख. म्हणजे हे दोन जिल्हे मिळून जेवढे, तेवढा तो देश. वर्णमालेत अक्षरं 29. इंग्रजीची 26 आणि वर तीन स्वर त्यांचे स्वतःचे. उच्चाराच्या बाबतीत आपल्याला एक गोष्ट सोपी जाते. ऑस्लोकडच्या बोलीत ट, ण, ष हे आपले मूर्धन्य वर्ण आहेत, जे युरोपात फार थोड्या भाषांत ऐकू येतात. ‘र’च्या पुढे ‘न’ आला की दोन्ही मिळून ‘ण’ होतो. मूल ह्या अर्थाचा त्यांचा शब्द ते ‘बाण’ असा उच्चारतात, आणि नातवंड म्हणजे ‘बाणेबाण’, मुलाचं मूल. आमच्यातल्या एका आजोबांना हा शब्द एका दिवसात पाठ झाला. त्यांना बाकीचा धडा शिकवायला मात्र महिना लागला.

आता मुद्द्याकडे येऊ. ‘का’ विचारायला नॉर्वेजियनमध्ये एक शब्द आहे, ‘वुर्फोर’. लिहिताना त्याच्या सुरुवातीला ‘ह’ असतो, बोलताना तो गप्प बसतो. “वुर्फोर लेरर दू नॉष्क?” म्हणजे “तू नॉर्वेजियन का शिकतोस?” क्रियापद दुसऱ्या जागेवर, कर्ता त्याच्या मागे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यांच्याकडे ते पुढे धावतं. ही सवय लागायला वेळ लागतो.

पण खरी गंमत उत्तरात आहे. त्या एका ‘वुर्फोर’ला दोन तऱ्हेची उत्तरं देता येतात आणि बोलणाऱ्याला त्यातली एक निवडावी लागते. पहिलं उत्तर ‘फोर्दी’ने सुरू होतं : “फोर्दी दी बूर ई नॉर्गे”, म्हणजे “कारण ती मंडळी नॉर्वेत राहतात.” दुसरं ‘फोर ओ’ने सुरू होतं : “फोर ओ स्नाक्के मे बाणेबाणे”, म्हणजे “नातवंडाशी बोलण्यासाठी.” पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात उद्देश आहे. कारण आपल्या पाठीमागे असतं, घडून गेलेलं किंवा आहे तसं असलेलं. उद्देश आपल्या पुढे असतो, अजून व्हायचा. तोंड उघडतानाच ठरवावं लागतं की आपण मागे बघून बोलतोय की पुढे बघून.

आपल्या मराठीत हा भेद नाही का? आहे, आणि फार सुंदर आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं. आपला ‘म्हणून’ हा शब्द घ्या. “पाऊस आला म्हणून थांबलो.” इथे ‘म्हणून’ कारण सांगतो. “पाऊस यावा म्हणून प्रार्थना केली.” इथे तोच ‘म्हणून’ उद्देश सांगतो. शब्द एकच. फरक ‘आला’ आणि ‘यावा’ ह्यांचा. नॉर्वेजियन माणूस पहिल्या ठिकाणी ‘फोर्दी’ म्हणेल आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फोर आत’. हे ‘फोर आत’ केव्हा येतं? काम करणारा एक आणि फळ दुसऱ्याच्या वाट्याला, असं असेल तेव्हा. “याय स्नाक्कर साक्ते फोर आत दू स्काल फोष्तो”, म्हणजे “तुला समजावं म्हणून मी सावकाश बोलतो.” आणि काम करणारा व फळ मिळवणारा एकच असेल तर साधं ‘फोर ओ’ : “शिकण्यासाठी आलो.” मराठीत हे दोन्ही आपण रोज बोलतो, व्याकरण न शिकता बोलतो. परकी भाषा शिकताना स्वतःच्या भाषेचं व्याकरण असं पहिल्यांदा समोर उभं राहतं.

प्रश्नांच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत. त्यांचा एक ‘वुर्फोर’, आपल्याकडे ‘का’, ‘कशासाठी’, ‘कशाकरिता’, ‘कशाला’. वऱ्हाडकडचे पाहुणे आले तर ‘कामून’ आणि ‘कायले’, खानदेशचे आले तर ‘काबर’. बोलींची ही संपत्ती त्यांच्याकडेही आहे. तिथे लिहिण्याच्या दोन पद्धती सरकारमान्य आहेत. एकीत ‘वुर्फोर’, दुसरीत ‘क्वीफोर’, आणि बेर्गन शहराच्या बोलीत ‘कोफ्फोर’. ही दुसरी लेखनपद्धती उभी केली इवार ओसेन ह्या शेतकऱ्याच्या मुलाने. नॉर्वे सुमारे चारशे वर्षं डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि 1814 साली त्यातून सुटला, पण लिहिण्याची भाषा डॅनिशच राहिली. ओसेन खेड्यापाड्यांतून हिंडला, लोक जसं बोलतात तसे शब्द त्याने जमवले, 1848 साली व्याकरण आणि 1850 साली कोश छापला. 1885 साली त्यांच्या संसदेने दोन्ही पद्धतींना समान मान दिला.

तर आपल्या ह्या चार प्रश्नांपैकी ‘कशाला’ हा शब्द फार जपून वापरण्यासारखा आहे. शब्दाचा अर्थ उद्देश विचारण्याचा, पण बोलताना तो बहुधा उद्देश विचारत नाही. “एवढं कशाला आणलंत?” हा शिष्टाचार झाला. “तुला कशाला हव्यात चौकश्या?” हे दटावणं. “आता हे आणखी कशाला?” हा सरळ नकार. तिन्ही ठिकाणी उत्तराची अपेक्षा नाही. घरात मुलगी सांगते, “मला तबला शिकायचाय.” आपण म्हणतो, “कशाला?” ती गप्प होते. आपण प्रश्न विचारला असं आपल्याला वाटतं, दार लावलं असं तिला वाटतं. तेच “कशासाठी शिकायचाय?” असं सावकाश विचारलं तर ती दहा मिनिटं बोलेल.

असा टोचणारा प्रश्न नॉर्वेजियनमध्येही आहे बरं का. “वा अर विट्सन?” म्हणजे “काय उपयोग?” ह्यातल्या ‘विट्स’ शब्दाचा मूळ अर्थ विनोद. म्हणजे “ह्यात विनोद कुठला?” असं विचारल्यासारखं. हा प्रश्न आम्ही मुद्दाम वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. ऐकू आला तर समजावा, स्वतः वापरू नये.

वापरायचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते सोप्या चढणीने येतात. “वा योर दू?” काय करतोस? “वुर्फोर दे?” ते का बरं? हा दोन शब्दांचा प्रश्न फार कामाचा, समोरच्याला पुढे बोलतं करणारा. “वा स्काल दू ब्रूके दे तिल?” ते कशासाठी वापरणार? ह्यातला शेवटचा ‘तिल’ म्हणजे आपला ‘साठी’. आपण तो ‘कशा’ला चिकटवतो, त्यांच्याकडे तो वाक्याच्या शेवटापर्यंत चालत जातो. मग “वा विल दू ब्ली?” तुला काय व्हायचंय? आणि शेवटी, “वा अर मोले दित?” तुझं ध्येय काय?

ह्या शेवटच्या प्रश्नातला ‘मोल’ शब्द आम्हाला सगळ्यांत आवडला. मोल म्हणजे ध्येय. फुटबॉलचा गोल, तोही मोल. मोल म्हणजे माप. जमिनीचंही एक माप आहे, 1000 चौरस मीटर, म्हणजे एकराचा साधारण चौथा हिस्सा, त्याचंही नाव मोल. आणि मोल म्हणजे भाषा, वाणी. त्यांच्या पहिल्या लेखनपद्धतीचं नावच ‘बूकमोल’, पुस्तकाची भाषा. ध्येय, माप, जमीन आणि भाषा, चारही एका शब्दात. आपल्या मराठी ‘मोला’शी त्याचं काही नातं नाही, उच्चार जुळला हा योगायोग. पण एकदा ऐकलं की विसरता येत नाही.

ह्याच शब्दाला ‘फोर’ जोडला की होतो ‘फोरमोल’, म्हणजे प्रयोजन. प्रवास कशासाठी, हे विचारताना सरकारी कागदावर हाच शब्द येतो. नॉर्वेला जायचं तर शेंगेन व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा उद्देश लिहावा लागतो. आता आम्ही सरकारी नोकरीतली माणसं, ‘प्रयोजन’ हा रकाना आमच्या रोजच्या जेवणातला. आपल्याकडे तो कसा भरला जातो ते सर्वांना ठाऊक आहे : “आवश्यक कार्य हेतु.” सुट्टीचा अर्ज असेल तर “आवश्यक कार्य होने से.” एकाही अर्जात ते कार्य कोणतं हे लिहिलेलं नसतं, आणि साहेबही विचारत नाहीत. रकाना भरला, प्रयोजन राहिलं.

हा ‘हेतु’ शब्दही बघण्यासारखा आहे. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे कारण, अनुमानाचा आधार : डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे अग्नी आहे, इथे धूर हा हेतू. ‘प्रयोजन’ हा तिथे वेगळा पदार्थ, सोळा पदार्थांपैकी चौथा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी मागचं आणि पुढचं वेगळं ठेवलं होतं. पुढे मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश झाला, आणि हिंदीत ‘हेतु’ म्हणजे ‘के लिए’. शब्द मागून पुढे आला. आपण दोन्ही भाषा बोलणारे लोक, आपल्या तोंडात तो दोन्ही अर्थांनी असतो, म्हणून कधी कधी आपलंच आपल्याला कळत नाही की आपण कारण सांगतोय की उद्देश.

हे सगळं व्याकरण झालं. आता ते कुठे उपयोगी पडलं ते सांगतो.

फोनवर नॉर्वेतलं नातवंड दिसतं. चार-पाच वर्षांचं मूल. त्या वयात मूल जगातल्या सगळ्या भाषांत एकच काम करतं, का विचारतं. घरात आईबाप मराठी बोलतात, पण दिवसभर बालवाडीत राहिलेलं मूल प्रश्न मात्र तिथल्या भाषेत विचारतं. इकडे आजी आरतीचं ताट दाखवते, तिकडून आवाज येतो, “वुर्फोर?” हा शब्द माहीत नसेल तर आजीला वाटतं, बाळ काहीतरी गोड बडबडतंय. ती हसते, पापा देते, फोन बंद होतो. बाळाने प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर मिळालेलं नाही. असं दहा वेळा झालं की मूल विचारणं सोडतं. नातं तुटायला भांडण लागत नाही, मंडळी. एवढं पुरतं.

मागच्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी असाच प्रश्न आला. गणपती पाण्यात का सोडायचा? आमच्या वर्गातल्या आजोबांना ‘वुर्फोर’ ओळखू आलं. आता उत्तर काय द्यायचं? पहिलं सुचतं ते ‘फोर्दी’चं : “रीत आहे म्हणून.” पण ते म्हणाले, “पुढच्या वर्षी त्याला परत बोलावता यावं म्हणून.” हे त्यांनी मराठीतच सांगितलं, तेवढं नॉर्वेजियन अजून कोणालाच येत नाही. मुलाच्या आईने ते तिकडे उलगडून सांगितलं. तिकडून पुन्हा आलं, “वुर्फोर दे?” आणि पंधरा मिनिटं बोलणं चाललं. आमच्या सगळ्या रविवारांचं मोल त्या पंधरा मिनिटांत वसूल झालं.

ह्या देशातल्या माणसाने मराठीविषयी प्रश्न विचारल्याचं उदाहरण जुनं आहे. ग्रियर्सन साहेबांनी भारतीय भाषांचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यातला मराठीचा सातवा खंड तयार केला तो स्टेन कोनो ह्या नॉर्वेच्या संस्कृत पंडिताने. कोनो ह्यांचा जन्म 1867 चा, मृत्यू 1948 चा. खंड प्रसिद्ध झाला 1905 साली. त्याच वर्षी नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन पूर्ण स्वतंत्र झाला. ह्या सर्वेक्षणासाठी गावोगावच्या बोलींचे नमुने मागवले गेले, आणि ते जमवण्याचं काम बरंचसं स्थानिक सरकारी कचेऱ्यांतून झालं. एक ठरलेली गोष्ट सगळ्या बोलींत उतरवून घ्यायची : घर सोडून दूर गेलेल्या आणि अखेर बापाकडे परत आलेल्या मुलाची. कोकणी, वऱ्हाडी अशा कितीतरी बोली त्या एका खंडात शेजारी शेजारी बसल्या आहेत. नॉर्वेच्या माणसाला मराठी कशासाठी हवी होती, हे त्या पानांवरून कळतं : लोक जसं बोलतात तसं नोंदवून ठेवण्यासाठी.

आता तोच प्रश्न आपल्याकडे वळवू. आपली मुलं आपल्याला विचारतात, “मराठी कशाला?” शाळेत हिंदी, नोकरीला इंग्रजी, मित्रांत हिंदी. आपण काय उत्तर देतो? पवार धारला आले, होळकर इंदूरला आले, त्यांच्याबरोबर आपले पूर्वज आले. अहिल्यादेवींनी 1767 ते 1795 इथून हाकेच्या अंतरावरच्या महेश्वरातून राज्य चालवलं. म्हणून आपण मराठी. हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण नीट ऐका, हे सगळं ‘फोर्दी’ आहे. सगळं मागचं. 1 नोव्हेंबर 1956 पासून आपण हिंदी राज्यात आहोत. मागच्या कारणांवर तीन पिढ्या भाषा टिकली, चौथी पिढी आता पुढचं विचारते आहे. तिचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तिला ‘फोर ओ’ हवं आहे.

आहे का आपल्याकडे? आम्हाला वाटतं, आहे, आणि अगदी दाराशी आहे. आजीशी तिच्या भाषेत बोलण्यासाठी, हे पहिलं. घराघरांत जुन्या पेट्यांत पत्रं आणि कागद पडले आहेत, काही मोडीत, ते वाचण्यासाठी, हे दुसरं. तिसरं आमच्या विशेष मनात आहे. दर वर्षी देवउठनी एकादशीनंतर परिक्रमावासी आपल्या भागातून जातात. धरमपुरी, खलघाट, महेश्वर, असा उत्तर तटाचा रस्ता. त्यांत महाराष्ट्रातली माणसं कितीतरी असतात. शास्त्राप्रमाणे करायची तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची वाट. “नर्मदे हर” म्हणून आपण त्यांना चहा देतो, शिधा देतो. आपल्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून मराठीत विचारावं, “काका, मावशी, तुम्ही कशासाठी निघालात?” ‘कशाला’ नाही, ‘कशासाठी’. आणि ती उत्तरं वहीत उतरवून घ्यावीत. कोनो साहेबांनी कचेऱ्यांमार्फत केलं ते आपली मुलं नर्मदेच्या काठावर बसून करू शकतात. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती उत्तरं छापता येतील.

आणि एक छोटी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. दिवाळीनंतर मुलांचा मराठी वर्ग सुरू होणार आहे. त्याच्या नावनोंदणीच्या कागदावर नाव, वय, शाळा ह्यांच्या खाली एक रकाना वाढवावा : “कशासाठी?” तो पालकांनी भरायचा नाही, मुलानेच भरायचा. हिंदीत लिहिलं तरी चालेल. “आई म्हणाली म्हणून” लिहिलं तरी कागद परत करू नये, वर्षअखेरीला तोच रकाना पुन्हा भरून घ्यावा. फक्त “आवश्यक कार्य हेतु” असं कोणी लिहिलं तर मात्र आमच्याकडे पाठवा, तो अर्ज आम्ही बघू.

रविवारचा आमचा वर्ग सकाळी आठ वाजता मंडळाच्या खोलीत असतो. ज्यांची नातवंडं नॉर्वेत नाहीत त्यांनीही यावं. कोणाचं नातवंड जर्मनीत आहे, कोणाचं इंदूरला विजयनगरात आहे आणि फक्त हिंदी बोलतं. प्रश्न सगळीकडे तोच विचारला जातो आहे, तो ओळखायला आपण शिकलं पाहिजे. चहा मंडळाकडून मिळेल.

 गणपती बाप्पा मोरया!